उन्हाळ्यात गळ टाकायला निघण्याआधी

उन्हाळ्यातल्या तयारीची सुरुवात सामानापासून करू नये, भरतीच्या वेळापत्रकापासून करावी. उष्ण किनाऱ्यावर मासा उथळ पाण्यात मोकळेपणाने खातो तो पहाटेचे दोन-तीन तास आणि दिवस मावळताना. ऊन चढलं की तो खोल चरात, पुलाच्या खांबांच्या सावलीत, कांदळवनाच्या मुळांशी सरकतो. म्हणून पाणी चालतं असण्याची वेळ आणि हे थंड तास कुठल्या दिवशी जुळतात ते आधी पाहायचं. बहुतेक किनाऱ्यांवर भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. आज पहाटे पाचला पूर्ण भरती असेल, तर आठवड्याने त्याच वेळी जवळपास पूर्ण ओहोटी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी इतकं ओढतं की हलकं शिसं तळाला ठरत नाही, आणि अष्टमीच्या आसपास भांगाला पाणी मंद असतं. नवख्याने या दोन्हींमधले दिवस धरावेत.

त्यानंतर वारा. सकाळी समुद्र शांत असतो, जमीन तापली की दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. छोट्या होडीने बाहेर जाणाऱ्याने एक गोष्ट आवर्जून तपासावी: परतीच्या वेळी खाडीच्या मुखाशी ओहोटी आहे का? बाहेर येणारं पाणी आणि आत येणारा वारा समोरासमोर आले की तिथे लाटा उभ्या राहतात. सकाळी ज्या मुखातून सहज बाहेर पडलो, तेच दुपारी होडी उलटवू शकतं. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर वीज आपल्यापर्यंत पोहोचण्याइतकी जवळ आहे असं समजून किनाऱ्याला लागायचं, आणि शेवटचा गडगडाट होऊन ३० मिनिटं जाईपर्यंत पुन्हा पाण्यावर जायचं नाही. कार्बनचा रॉड विजेचा चांगला वाहक आहे, तो उभा धरून बसणं तर नकोच.

आता सामान. खाडीसाठी सात फुटी रॉड, ३००० ते ४००० मापाचं रील, १५ ते २० पौंडांचा ताण सोसणारी ब्रेड (विणलेली) दोरी आणि पुढे हातभर, ३० पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे गळाला जोडायचा दोरीचा तुकडा. बाहेर बुडालेल्या जहाजांवर, बोयांभोवती किंवा पक्षी सूर मारत असतील तिथे जायचं असेल तर ५००० ते ६००० चं रील आणि ३० ते ५० पौंडांची दोरी. हलक्या सामानावर मोठा मासा खेळवण्यात मजा आहे हे मला मान्य आहे, पण ती मजा थंडीच्या दिवसांसाठी ठेवावी. १० अंश तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम ६. पंधरा मिनिटं झुंजून दमलेला मासा गरम पाण्यात सोडला तर पोहत गेलेला दिसतो, पण वाचेलच असं नाही. उन्हाळ्यात सामान थोडं जड घ्यावं आणि झुंज लवकर संपवावी.

दोरी आदल्या रात्री तपासायची, आणि ती डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. पूर्ण लीडर अंगठा आणि तर्जनीच्या नखांमधून हळूहळू ओढावा. जिथे नख किंचित अडकेल, खरखरेल, तिथे दगडाने किंवा दाताने कातरलेलं असतं. तो भाग कापून टाकावा. उन्हात पडून राहिलेली जुनी नायलॉन दोरी तर बदलूनच टाकावी, अतिनील किरणांनी तिचा जीव गेलेला असतो. गाठ आवळण्याआधी ओली करावी, कारण कोरडी गाठ घर्षणाने तापून कमजोर होते. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक, अंदाजाने लावू नये. दोरीचं टोक हातातल्या वजनकाट्याला बांधून ओढावं आणि दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाला रील सुटू लागेल असं बसवावं. २० पौंडांच्या दोरीला हे सव्वादोन ते तीन किलो होतं. ब्रेड ताणली जात नाही, त्यामुळे याहून घट्ट ड्रॅग असेल तर पहिल्याच धडकेत गळ तरी सरळ होतो नाही तर माशाचा जबडा फाटतो.

जिवंत आमिषासाठी सर्कल गळ (टोक आत वळलेले) घ्यावेत. तो माशाच्या पोटात न रुतता बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात बसतो, मात्र चावा लागल्यावर झटका न देता नुसती दोरी ओढत राहावं लागतं. ही सवय घरीच मनाशी घोकून निघावं. सुरमईसारख्या धारदार दातांच्या माशासाठी तारेचा छोटा तुकडा जवळ असू द्यावा. आमिषाच्या बादलीत गर्दी नको. तिथेही प्राणवायूचाच प्रश्न असतो, तेव्हा पंप चालू हवा आणि पाणी वरचेवर बदलायला हवं.

लांब नाकाची पक्कड आणि गळ कापता येईल असा कटर विसरू नये. शिंगाळ्याचा काटा किंवा पाखटाची नांगी लागली तर मलमपट्टीने भागत नाही. ते विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी न्यावं. त्यात साधं पाणी मिसळून, न दुखावलेल्या हाताला सोसेल इतपत, ४५ अंशांपर्यंत ठेवावं आणि जखम अर्धा ते दीड तास त्यात बुडवावी, मग दवाखाना गाठावा. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नयेत, वाळूत घासत न्यावेत, म्हणजे पाखट आधीच सरकतं. अंगावर उघडी जखम असेल तर गरम समुद्राच्या पाण्यात उतरूच नये, कारण अशा पाण्यात व्हिब्रिओ जिवाणू वाढतात. यकृताचा आजार असलेल्यांसाठी ते प्राणघातक ठरू शकतात.

पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी, पोलराइज्ड चष्मा आणि तहान लागण्याची वाट न पाहता पिण्याइतकं पाणी. सोबत्याचं बोलणं असंबद्ध होऊ लागलं तर तो उष्माघात समजून त्याला ताबडतोब गार करावं आणि मदत मागवावी.

बर्फ मात्र वाटतो त्याच्या दुप्पट न्या. बांगडा, कुपा, सुरमई या माशांचं मांस ऊबेत राहिलं तर जिवाणू त्यात हिस्टामाइन तयार करतात, आणि ते शिजवून जात नाही. मासा दिसायला ताजा असतो, पण खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं ठणकतं. उपाय सोपा आहे. पेटीत बर्फ चुरून त्यावर समुद्राचं पाणी ओतायचं, कल्ले कापून रक्त काढलेला मासा लगेच त्यात पूर्ण बुडवायचा. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये मासा अधूनमधूनच टेकतो, या गारठ्यात तो चहूबाजूंनी वेढला जातो. वितळलेलं पाणी थोडं काढून नवा बर्फ घालत राहावं.

जे ठेवायचं नाही ते सोडण्याचीही तयारी हवी. जिथे जाणार तिथले किमान मापाचे आणि बंदीच्या काळाचे नियम आधी वाचावेत, मोजपट्टी पेटीवरच चिकटवावी. मासा ओल्या हातांनी धरावा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत चिकट थर निघून जातो. खोल पाण्यातून काढल्यामुळे पोट फुगलेला मासा वर तरंगत राहतो. त्याला वजनाने परत तळाशी नेणारं साधन सोबत असेल तर तो वाचू शकतो.

होडीसाठी: अंगात घातलेलं लाइफ जॅकेट, शिट्टी, व्हीएचएफ रेडिओ (मदत मागायला १६ नंबरचं चॅनल), आणि कुठे जातोय, कधी परतणार हे किनाऱ्यावर कुणाला तरी सांगणं. इंधनाचा एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. नांगर नेहमी नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून टाकायचा, मागून कधीच नाही.

परतल्यावर रॉड-रीलवर गोडं पाणी हलकेच शिंपडावं. जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत घुसतं. ड्रॅग सैल करूनच रील ठेवावं, आणि कापलेली दोरी तुकडे करून कचऱ्यात टाकावी, पाण्यात नाही.