धक्क्यावरून बोटीला वीज देणारी केबल
मिरकरवाड्यासारख्या बंदरात खारा वारा केबलच्या पितळी पिनांवर हिरवा थर चढवतो. साफ करण्याआधी बोटीतला लोड, म्हणजे विजेवर चालणारी उपकरणं, बंद करा, धक्क्यावरचा स्विच पाडा. मग आधी धक्क्याकडचा प्लग काढा, नंतर बोटीकडचा. हा क्रम उलटा झाला तर 230 व्होल्टचं जिवंत टोक हातात राहतं, पाण्यात पडलं तर त्याहून वाईट.

केबल गोड्या पाण्याने, सौम्य साबणाने पुसा. थिनर, ॲसिटोन नकोच, आवरण कडक होऊन तडकतं. पिन काळी किंवा प्लग वितळलेला दिसला तर घासत बसू नका, सरळ बदला; ढिल्या जोडाने तो तापलेला असतो. भरती-ओहोटीपुरती ढील ठेवा, पण केबल पाण्यात लोंबू देऊ नका.