ठासणीच्या रायफलचा बार जुळवताना

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत, म्हणजे एमएलएआयसी या संघटनेच्या, ३० मिनिटांत १३ बार मारायचे आणि त्यातले चांगले १० धरायचे असा हिशेब असतो. त्यामुळे दणदणीत बार काही कामाचा नाही. तेराही वेळा सारखाच उडणारा हवा.

उदाहरणाला .४५ कॅलिबरची, टोपीवर (ठिणगी देणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीवर) उडणारी रायफल घेऊ. गोल गोळी मऊ, शुद्ध शिशाची, ०.४४० इंच. तिच्याभोवतीचं कापड निव्वळ सुती, खळ धुऊन काढलेलं, ०.०१५ इंच जाड, वंगण लावलेलं. दारू काळीच, ३एफ, म्हणजे बारीक दाण्याची. आधुनिक बिनधुराची दारू चिमूटभरही नको, नळी फुटते. पुढचे आकडे रायफलच्या उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत बसतात ना, हे आधी बघा.

४० ग्रेनपासून सुरुवात करा (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम). दारू मापाने घाला. कुपीतून थेट नळीत ओतली आणि आत निखारा असला, तर कुपी हातातच उडेल. गोळी दारूवर पक्की टेकवा आणि ठासायच्या गजावर खूण करून ठेवा. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, कधी फुटतेही. टोपी अगदी शेवटी, नळी लक्ष्याकडे असतानाच. बार उडाला नाही, तर नळी तशीच रोखून किमान मिनिटभर थांबा.

टेकूवरून ५० मीटरवर पाच बार, मग ४५, ५०, ५५ ग्रेनचे पाच-पाच. माशीला, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणेला, हात लावू नका; गोळ्या किती जवळजवळ पडतात एवढंच सध्या बघायचं. प्रत्येक बारानंतर नळी ओलसर चिंधीने पुसा, मग कोरडीने. चिंब चिंधीचं पाणी तळाशी उतरतं आणि पुढचा बार फुसका जातो.

खरी माहिती जमिनीवर पडलेल्या कापडांत असते, आणि नवखे नेमके तेच उचलत नाहीत. गोळीबार थांबल्यावर ती गोळा करा. मध्ये काळपट गोल, कडा विसकटलेल्या, पण कापड धड: उत्तम. मध्ये जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ किंवा वंगण कमी, ०.०१८ इंची वापरून बघा. नळीच्या आतल्या आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या) खुणांवर चिरा दिसल्या तर नळीच्या तोंडाची धार कापतेय. तिथे दारू बदलून काही होत नाही, तोंड कारागिराकडून गुळगुळीत करून घ्यावं लागतं.

कापड बदललं की दारू तीच ठेवा. ज्या मापाला गोळ्यांचा घोळका सगळ्यात आवळलेला पडला, त्याच्या आजूबाजूला दोन-दोन ग्रेनने फिरा. ४८, ५० आणि ५२ तिन्ही जवळपास सारखे पडले, तर ५० घ्या. मापात थोडं मागेपुढे झालं तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी सलग १३ बार मारून पडताळा, मग माशी सरकवा.