पुरुषाच्या नाजूक अंगाची निगा, कोकणच्या दमट हवेत

मृग लागला की कोकणात चड्डी वाळत नाही. पडवीतल्या दांडीवर कपडे दोन-दोन दिवस लोंबत राहतात, शेवटी अर्धओलेच अंगावर चढतात आणि आठवड्याभरात जांघ खाजायला लागते. म्हणून सुरुवात जांघेपासूनच करू.

कडेला उठावदार, लालसर आणि मध्ये निवळत जाणारा चट्टा म्हणजे बहुधा गजकर्ण. ही बुरशी घाम आणि ओल मिळाली की पसरते. लावणीत दिवसभर चिखलात उभं राहणाऱ्याला किंवा होडीवर भिजल्या कपड्यांत तासन् तास काढणाऱ्याला ती लवकर गाठते. सगळ्यात जास्त नुकसान करते ती मेडिकलमधून विचारून आणलेली 'खाजेची ट्यूब'. अशा अनेक ट्यूबांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र वाढतच राहते. ट्यूब बंद केली की चट्टा मांडीवर, ढुंगणावर पसरतो. महिनोन् महिने लावत राहिलं तर कातडी पातळ होऊन जांघेत कायमचे वळ पडतात. म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. नुसतं क्लोट्रिमाझोल असलेलं मलम दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर 2 सेंमीपर्यंत लावा आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही 1 ते 2 आठवडे चालू ठेवा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. पंचा स्वतःचा वेगळा ठेवा. घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्याचेही उपचार एकाच वेळी करा, नाहीतर ती घरातल्या घरात फिरत राहते. चड्डी सुती आणि सैल असावी. ती गरम पाण्यात धुवा आणि पुरती वाळली नसेल तर शिवणीवर गरम इस्त्री फिरवा. रात्री नुसती लुंगी पुरे.

शिश्न धुवायला साधं पाणी पुरतं. आंघोळीच्या वेळी अग्रत्वचा, म्हणजे टोकावरची सैल त्वचा, हलक्या हाताने मागे घ्या, आतला पांढरट थर पाण्याने काढा, टिपून कोरडं करा आणि त्वचा आठवणीने पुन्हा पुढे आणा. ती मागेच अडकली तर टोक सुजत जातं. हाताने पुढे येत नसेल तर लगेच दवाखाना गाठावा लागतो. डेटॉल किंवा कडक साबण आत लावू नका, त्याने आग होते आणि भेगा पडतात. लहान मुलाची त्वचा जबरदस्तीने मागे ओढायची नाही, ती वयाबरोबर आपोआप सुटते. मोठ्या माणसाला तिथे पुन्हा पुन्हा भेगा आणि लाली येत असेल तर आधी रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेहाची पहिली खूण कधीकधी तिथेच दिसते.

आता सुखाबद्दल, कारण भीती इथेच सर्वाधिक आहे. शिश्नात हाड नसतं. स्पंजासारख्या दोन नळ्या रक्ताने भरल्या की ताठरता येते आणि रक्त भरायला मन निवांत लागतं. 'जमेल ना?' या धास्तीने अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि नेमकं जमत नाही. पहाटे ताठरता येत असेल तर नसा आणि रक्तपुरवठा बहुधा ठीक आहे, घाई आणि काळजी कमी करा. पहाटेचीही हळूहळू बंद झाली असेल तर तंबाखू, रक्तदाब, साखर आणि हृदय यांच्याकडे बघायला हवं. ताठरतेची गोळी मित्राकडून घेऊ नका. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याच्या जिवावर ती बेतू शकते.

सर्वात हळवी जागा म्हणजे टोकाची कडा आणि खालच्या बाजूला त्वचा जिथे टोकाला जोडलेली असते तो बारीक पट्टा. वृषण आणि गुदद्वार यांच्यामधला भागही अनेकांना सुखावतो. हस्तमैथुनाने शक्ती जात नाही, धातू आटत नाही. एका वेळचं वीर्य साधारण 1.5 ते 5 मिलि. असतं. त्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा, बाकी ग्रंथींचा स्राव, जो पुन्हा तयार होतो. फक्त कोरडं घासू नका आणि मूठ फार घट्ट आवळू नका. त्या जोराची सवय झाली की जोडीदारासोबत संवेदना कमी वाटते. जोडीदाराला काय आवडतं, काय नको, हे विचारून घ्या.

घरात हाताशी खोबरेल असतं, पण निरोधबरोबर ते मुळीच नको. तेलाने निरोधाचं रबर, म्हणजे लॅटेक्स, काही मिनिटांत कमजोर होऊन फाटतं, म्हणून पाण्याचं वंगण घ्या. निरोध स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने खराब होतो. चढवताना टोक चिमटीत धरून हवा काढा. फाटला किंवा शंका आली तर 1097 या एड्स हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर विचारा. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत आणि गुप्त होते. संबंधानंतर धोका वाटला तर 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात जा, संसर्ग टाळणारी औषधं तेवढ्यातच सुरू करावी लागतात.

महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर दोन्ही वृषण अंगठा आणि बोटांमध्ये फिरवून बघा. एक थोडा खाली असणं, मागे मऊ दोरीसारखं लागणं नेहमीचंच. वृषणातच कडक, न दुखणारी गाठ लागली तर थांबू नका. पंधरा ते चाळिशीतल्या तरुणांतही वृषणाचा कर्करोग होतो आणि लवकर सापडला तर बहुतेक वेळा बरा होतो. न दुखता पिशवी मोठी होत गेली तर पाणी भरलेलं असू शकतं. हत्तीपायाच्या डासांमुळेही असं होतं, शस्त्रक्रियेने ते सुटतं. खोकल्यावर फुगणारा, आडवं झाल्यावर आत जाणारा फुगवटा म्हणजे हर्निया.

आणि वृषणात अचानक जोराची कळ आली, मळमळलं, एक बाजू वर ओढल्यासारखी वाटली तर पीळ पडलेला असू शकतो. रक्त थांबतं, 6 तासांच्या आत सोडवला नाही तर वृषण जाण्याची भीती असते. मुलगा लाजून सांगत नसेल तर आईवडिलांनी विचारायला हवं. वाडीतून घाट उतरून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंतच दोन तास जातात, म्हणून सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा, कळ किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा आणि भूल द्यावी लागेल म्हणून तोवर काही खाऊ-पिऊ देऊ नका.