नवा दमदार डेस्कटॉप आणि मॉनिटर येतोय म्हणतात: थांबायचं की आत्ताच घ्यायचं, हे कसं ठरवावं

व्हिडिओ संकलन, थ्रीडी, इमारतींचं रेंडरिंग किंवा घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणं अशा कामांसाठी तीन-चार लाखांचा डेस्कटॉप घ्यायचं ठरलं की कुणीतरी सांगतंच, "थांब जरा, तीन महिन्यांत नवं येतंय." ते तीन महिने कधी खरे निघतात, कधी तीन वर्षांवर जातात. म्हणून हा निर्णय बातम्यांवर न सोडता स्वतःच्या कामावरून आणि हातात असलेल्या तारखांवरून घ्यावा. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच: संगणक आणि मॉनिटर यांचा निर्णय एकत्र घेऊ नका. चांगला मॉनिटर दोन संगणकांना पुरतो, त्याचं तंत्रही वेगळ्या गतीनं बदलतं. एकासाठी दुसऱ्याला अडवून ठेवण्यात फायदा नाही.

पायरी १: आहे ते मशीन नेमकं कुठे अडतंय ते मोजा

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सचं पान समोर ठेवून आठवडाभर नेहमीचं काम करा. मशीन रेंगाळेल त्या क्षणी कोणता आकडा वर गेला आहे ते लिहून ठेवा. सीपीयूच्या, म्हणजे मुख्य प्रोसेसरच्या, आलेखावर उजवी क्लिक करून तो लॉजिकल प्रोसेसरनुसार दाखवायला सांगा. हे आवश्यक आहे, कारण काम एकाच कोअरवर (प्रोसेसरच्या एका स्वतंत्र भागावर) चालत असेल तर १६ कोअरच्या मशीनवर एकूण वापर फार तर पाच-सहा टक्केच दिसतो आणि सीपीयू मोकळा आहे असा गैरसमज होतो. ग्राफिक्स कार्डाच्या पानावर 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' बघा. ती काठोकाठ भरत असेल तर कार्डाचा वेग नाही, मेमरी कमी पडतेय. मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख पिवळा-लाल होतो का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

या आठवड्यानंतर बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की रॅम वाढवून किंवा एक एनव्हीएमई एसएसडी (वेगवान साठवण) टाकून वर्षभर भागेल. तसं असेल तर थांबणं सोपं होतं. मात्र मशीन अजून विंडोज १० वर असेल, तर त्या प्रणालीचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे हे हिशोबात धरा.

पायरी २: अफवा, घोषणा आणि तारीख वेगवेगळ्या रकान्यांत लिहा

आधी मागचा इतिहास बघा. एनव्हीडिया कंपनीचं सर्वांत वरचं ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स ३०९०, सप्टेंबर २०२० मध्ये आलं. ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि ५०९० जानेवारी २०२५ च्या अखेरीस. म्हणजे साधारण सव्वादोन वर्षांचं चक्र. अ‍ॅपलचा मॅक स्टुडिओ हा छोटा डेस्कटॉप मार्च २०२२, जून २०२३ आणि मार्च २०२५ मध्ये आला. तिथे पंधरा महिने आणि एकवीस महिने असं अंतर पडलं. नुकतंच नवं आलेलं असताना पुढच्याची वाट पाहणं व्यर्थ, आणि चक्र संपत आलेलं असताना पूर्ण किंमत मोजणं नुकसानीचं. एवढं या तारखांवरून सहज कळतं.

पण चक्र मोडतंही. अ‍ॅपलचा मोठा डेस्कटॉप, मॅक प्रो, डिसेंबर २०१३ मध्ये विक्रीला आला आणि पुढे वर्षानुवर्षं तसाच राहिला. एप्रिल २०१७ मध्ये अ‍ॅपलने स्वतः पत्रकारांना बोलावून नव्या मॅक प्रोचं काम सुरू असल्याचं सांगितलं. तो प्रत्यक्ष विक्रीला आला डिसेंबर २०१९ मध्ये. खुद्द कंपनीच्या शब्दावर थांबलेल्यांनाही अडीच वर्षांहून जास्त वाट पाहावी लागली. मॉनिटरचं त्याहून वाईट झालं: अ‍ॅपलचा थंडरबोल्ट डिस्प्ले जून २०१६ मध्ये बंद झाला आणि कंपनीचा स्वतःचा २७ इंची ५के (आडवे सुमारे पाच हजार पिक्सेल असलेला) स्टुडिओ डिस्प्ले मार्च २०२२ मध्ये आला.

म्हणून नियम असा ठेवा. किंमत आणि विक्रीची तारीख दोन्ही जाहीर झाल्या असतील आणि ती तारीख तीन महिन्यांच्या आत असेल, तर थांबा. उत्पादन जाहीर झालंय पण तारीख नाही, तर काम अडत नसेल तरच थांबा. नुसती गळती किंवा अफवा असेल, तर ते यंत्र अस्तित्वातच नाही असं धरून चला.

तारीख कळली तरी तिच्यात दोन महिने मिळवा. ५०९० ची भारतातली जाहीर किंमत २,१४,००० रुपये होती, पण सुरुवातीला माल कमी असल्याने दुकानांतले भाव त्याच्या बरेच वर गेले. पहिल्या खेपेत दोषही निघतात. एलजीच्या ५के अल्ट्राफाइन मॉनिटरची सुरुवातीची खेप वायफाय राउटरजवळ ठेवली की बिघडत असे. नंतर कंपनीला त्यात संरक्षक आवरण वाढवावं लागलं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती आणि त्यावरचा महत्त्वाचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) ऑगस्ट २०२४ मध्ये आला, म्हणजे १३ वी पिढी बाजारात येऊन जवळजवळ दोन वर्षं झाल्यावर. तेव्हा दोन महिने थांबल्याने सगळे दोष टळतात असं नाही, पण ठळक दोष तेवढ्यात उघडे पडतात.

नवं आलं की जुनं स्वस्त होईल, या आशेवर मात्र फार विसंबू नका. वरच्या श्रेणीच्या कार्डांचं उत्पादन नवी पिढी येण्याआधीच आवरतं घेतलं जातं, त्यामुळे स्वस्तात काढायला साठाच उरत नाही. रॅमच्या बाबतीत तर २०२५ च्या उत्तरार्धात उलटंच झालं: एआय डेटा सेंटरकडून मागणी वाढली, डीडीआर५ या आताच्या प्रकारच्या रॅमचे भाव चढले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉन या रॅम बनवणाऱ्या कंपनीने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. जे थांबले त्यांना तीच रॅम महाग पडली.

पायरी ३: मॉनिटरचं गणित स्वतः करा

प्रति इंच पिक्सेल किती, हा पहिला आकडा. २७ इंच ४के म्हणजे सुमारे १६३, ३२ इंच ४के म्हणजे सुमारे १४०, २७ इंच ५के आणि ३२ इंच ६के म्हणजे २१८ च्या आसपास. विंडोजवर २७ इंच ४के १५० टक्के स्केलिंगवर (अक्षरं-चिन्हं दीडपट मोठी करून) उत्तम दिसतो. मॅकची अक्षरं ११० किंवा २२० च्या जवळ सर्वांत स्वच्छ उमटतात. मधल्या घनतेवर मॅक चित्र मोठ्या आकारात काढून मग लहान करतो आणि कडा किंचित मऊ होतात. दिवसभर मजकूर वाचणाऱ्या मॅकधारकाने ५के किंवा ६केच घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत.

दुसरा आकडा केबलमधून किती माहिती जाते याचा. पिक्सेलमधली रुंदी, उंची, रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो) आणि ३० यांचा गुणाकार करा (१०-बिट रंगाला प्रत्येक पिक्सेलमागे ३० बिट लागतात) आणि त्यात पाच ते दहा टक्के वाढवा. ४के ६० हर्ट्‌झला सुमारे १५ गिगाबिट प्रति सेकंद येतात, ४के १४४ ला सुमारे ३६, ४के २४० ला सुमारे ६०, ६के ६० ला सुमारे ३७. हे वाढ धरण्याआधीचे आकडे. डिस्प्लेपोर्ट १.४ या जोडणीतून प्रत्यक्ष सुमारे २६ जातात, एचडीएमआय २.१ मधून सुमारे ४२, डिस्प्लेपोर्ट २.१ च्या यूएचबीआर२० या सर्वांत वेगवान दर्जातून सुमारे ७७. गरज याहून जास्त असेल तर डीएससी नावाचं संकोचन वापरलं जातं. ते डोळ्यांना सहसा जाणवत नाही, त्यामुळे केवळ त्यासाठी नव्या पोर्टची वाट पाहू नका. फसगत वेगळ्याच ठिकाणी होते: खोक्यावर 'डिस्प्लेपोर्ट २.१' छापलेलं असतं आणि आत यूएचबीआर१० किंवा १३.५ असतं. तपशीलपत्रात यूएचबीआरचा आकडा शोधा, तो दिलेला नसेल तर विक्रेत्याकडून लेखी घ्या.

केबलची लांबीही आधीच बघा. पूर्ण ८० गिगाबिटची प्रमाणित डीपी८० केबल साधी असेल तर साधारण एक मीटरचीच मिळते. टॉवर टेबलाखाली आणि मॉनिटर आर्मवर असेल तर ती पुरत नाही, आणि स्वस्तातली लांब केबल लावली की पडदा मधूनच काळा होतो. लोक मॉनिटर बदलून मागतात, दोष केबलचा असतो. टेबलाच्या मागून सुतळी फिरवून मार्ग मोजा. एक मीटरच्या वर जात असेल तर डीपी८०एलएल या खुणेची सक्रिय केबल शोधा.

ओएलईडी (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो असा पडदा) घ्यायचा विचार असेल तर आपल्याकडची एक सवय आधी मोडावी लागेल: काम संपलं की भिंतीवरचं बटण बंद करणं. हे पॅनेल स्टँडबायमध्ये गेल्यावर स्वतःची दुरुस्ती-फेरी चालवतात. वीजच तोडली तर ती फेरी होत नाही आणि टास्कबारसारख्या स्थिर आकृत्यांचे डाग पडण्याचा धोका वाढतो. शिवाय '१००० निट्स' हा उजेडाचा आकडा पडद्याच्या तीनेक टक्के भागापुरता असतो. पूर्ण पांढऱ्या पानावर बहुतेक क्यूडी-ओएलईडी (ओएलईडीचाच एक प्रकार) २५० निट्सच्या आसपास राहतात. खिडकीसमोर टेबल असेल, दिवसभर एक्सेल किंवा कोड उघडा असेल, तर आयपीएस, म्हणजे मागून उजेड असलेला एलसीडी पडदाच बरा. चित्रपटाचं ग्रेडिंग (रंग जुळवणं) अंधाऱ्या खोलीत होत असेल तर ओएलईडीला तोड नाही.

पायरी ४: वाट पाहताना वीज, उष्णता आणि जागा तयार करा

थांबण्याचा काळ सत्कारणी लावायची जागा ही, आणि नेमकी हीच बहुतेक जण विसरतात. ५०९० एकटं ५७५ वॉटपर्यंत घेतं, वरच्या श्रेणीचा एएमडी प्रोसेसर २३० पर्यंत, बाकीचं शंभर धरा. भिंतीवर भार ९०० च्या वर जातो, मॉनिटर वेगळा. एनव्हीडिया या कार्डासाठी १००० वॉटचा पॉवर सप्लाय सांगते. तो एटीएक्स ३.१ या मानकाचा, कार्डाला वीज देणारी स्वतःची १२व्ही-२×६ केबल असलेला घ्या. अडॅप्टर जोडू नका. ४०९० च्या काळात वितळलेल्या कनेक्टरच्या तक्रारी गाजल्या, त्यांत प्लग पूर्ण न बसणं हे एक मुख्य कारण होतं. प्लग फट दिसेनाशी होईपर्यंत दाबा आणि त्यापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल सरळ ठेवा. कॅबिनेटची काच बंद करताना केबल वाकत असेल तर ते कॅबिनेट त्या कार्डासाठी अरुंद आहे. काही कार्डं ३५० मिलिमीटरपर्यंत लांब असतात, हेही मोजून घ्या.

घरोघरी असतो तो ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) चा यूपीएस ३६० वॉटच्या आसपासच देतो. या मशीनचा भार येताच तो बंद पडेल. व्हीएचा आकडा सोडून वॉटचा आकडा बघा, किमान १२०० वॉट आणि शुद्ध साइन वेव्ह. स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरींवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत लहरीत ओढणारी सोय) असलेले पॉवर सप्लाय कधीकधी वीज जाताच मान टाकतात. १६ अँपिअरचा सॉकेट काढून घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी ते दुरुस्त करा.

वापरलेली सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणून उतरते. एक टनाचा एसी सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो. त्यातला पाव हिस्सा एकटा हा डेस्कटॉप खाईल. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात रात्रभर रेंडर लावणाऱ्यांनी हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. मॅक स्टुडिओची वीज याच्या तुलनेत बरीच कमी लागते, आणि ज्यांचं सॉफ्टवेअर त्यावर नीट चालतं त्यांच्यासाठी हे त्याच्या बाजूचं मोठं कारण आहे. फक्त त्याची रॅम नंतर वाढवता येत नाही, तेव्हा पहिल्याच दिवशी पुरेशी घ्या.

पायरी ५: अर्धं आत्ता घ्या, अर्धं नंतर

पीसी जुळवणाऱ्यांना ही मुभा आहे. एएमडीचा एएम५ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसण्याची जागा) २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व त्यानंतरही तो चालू ठेवण्याचं कंपनीने जाहीर केलं आहे. त्यामुळे मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय आत्ता घेऊन ग्राफिक्स कार्ड पुढच्या पिढीचं घेता येतं. तोवर जुनं कार्ड चालवा. रॅम दोनच पट्ट्यांत घ्या. ९६ जीबी हवी तर ४८ च्या दोन, १२८ हवी तर ६४ च्या दोन. "आत्ता दोन, पुढे आणखी दोन" ही योजना डीडीआर५ ला मानवत नाही: एएमडीच्या रायझन ९००० प्रोसेसरवर दोन पट्ट्यांचा अधिकृत वेग ५६०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो आणि कधीकधी मशीन सुरूच होत नाही.

पायरी ६: खरेदी आणि पहिला आठवडा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, बिलावर अनुक्रमांक आणि भारतातली वॉरंटी हवीच. परदेशातून आणलेल्या स्वस्त कार्डाला इथलं सेवा केंद्र हात लावेलच असं नाही. व्यवसायासाठी घेत असाल तर बिल जीएसटी क्रमांकावर करा. ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे; जुन्या यादीतला भाव कुणी सांगत असेल तर हे दाखवून द्या. मृत पिक्सेल किती असले तर मॉनिटर बदलून मिळतो, हे पैसे देण्याआधी विचारा.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ घ्या. पहिल्या रात्री मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही चूक दिसली तर रॅम परत. दुसऱ्या दिवशी तुमचं सर्वांत जड खरं काम सलग दोन तास चालवून कार्ड आणि प्रोसेसरचं तापमान नोंदवा, मग मशीन बंद करून पॉवर कनेक्टरला रंग बदलल्याच्या खुणा आहेत का बघा. मॉनिटरवर लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे पाच रंग पूर्ण पडद्यावर आळीपाळीने लावा. पांढऱ्यावर कोपरे पिवळट दिसतात का, काळ्यावर कडेने उजेड झिरपतो का, हे रात्री दिवे मालवून तपासा. परत करण्याची मुदत अनेकदा सात दिवसांचीच असते, म्हणून हे सगळं पहिल्या तीन दिवसांत उरका आणि तोवर जुनं मशीन विकू नका.