पिल्लाचे जंत जात नाहीत? आधी ते कुठले ते बघा

औषध देऊनही मांजराच्या पिल्लाचं पोट टम्म आणि शेपटीखाली पुन्हा जंत, असं झालं की अनेकदा औषध दुसऱ्याच जंतावरचं असू शकतं.

१. जंताचा मोबाईलवर फोटो काढा. पडवीतल्या गोणपाटावर सुकलेल्या शितांसारखे कण दिसले तर ते पट्टकृमी (चपटे, पट्टीसारखे जंत). त्यांवर पायरँटेल हे जंताचं औषध चालत नाही, प्राझिक्वान्टेल हे दुसरं औषध लागतं. लांब, गोल, पांढरे असतील तर पायरँटेल चालतं, पण एका डोसवर भागत नाही. लहान पिल्लाला दर दोन आठवड्यांनी द्यावं लागतं. हे जंत आईच्या दुधातूनही येतात, म्हणून आईलाही औषध हवं.

२. पिल्लाला टोपात बसवून किचनच्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन घ्या. फोटो आणि वजन गुरांच्या दवाखान्यात दाखवा, डोस डॉक्टरच ठरवतील. (मोठ्या मांजराची गोळी अंदाजाने मोडून देणं नकोच.)

३. पट्टकृमी असतील तर पिसवा घालवा. पिल्लू अंग चाटताना पिसू गिळतं आणि जंत परत येतात. गोणपाट उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाका. पावसाळ्यात वाळतच नाही, तेव्हा सरळ नवीन घाला.

सांभाळा: कुत्र्याचं परमेथ्रिनवालं पिसवांचं औषध मांजराला लावू नका, जीव जाऊ शकतो.