बुद्ध पौर्णिमेला संभाजीनगर बघायला येताय? या चुका टाळा

नांदेड, परभणी, लातूरकडून पाहुणे येतात आणि सगळ्यांचा प्लॅन ठरलेला, सकाळी अजिंठा, दुपारी वेरूळ, येता येता बीबी का मकबरा, जमलं तर पाणचक्की आणि रात्री परत गाडीत. गुगल मॅपवर होतंय हो सगळं. पण अजिंठा शहरापासून १०० किलोमीटर, वेरूळ ३०, ते पण वेगळ्याच रस्त्याला, आणि महिना मे, पारा ४० च्या वर. संध्याकाळपर्यंत लेकरं रडकुंडीला आलेली असतात आणि आजी गाडीतून उतरायलाच तयार नसतात. एका दिवसात एकच मोठं ठिकाण धरा, आणि खरं सांगायचं तर पौर्णिमेचा दिवस शहरातच काढा, अजिंठा-वेरूळ आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी.

आता पुढची चूक, वार न बघता निघणं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. २०२५ ची बुद्ध पौर्णिमा १२ मे ला होती आणि तो नेमका सोमवार! २०२६ ची १ मे ला, शुक्रवारी, म्हणजे महाराष्ट्र दिन पण तोच आणि पुढं शनिवार-रविवार, गर्दीचं विचारूच नका. समजा अजिंठा लेण्यांजवळच्या फर्दापूरला पोचल्यावर कळलं की आज बंद, तर तिथून वेरूळकडं पळू नका, अख्खी दुपार रस्त्यात जाते. सरळ शहरात या, ऊन उतरू द्या आणि विद्यापीठामागची बुद्ध लेणी गाठा.

एसटीनं जाणाऱ्यांची दुसरीच गंमत. कंडक्टर "अजिंठा" म्हणून ओरडला की लोक बॅगा घेऊन उतरतात. ते अजिंठा गाव आहे, लेणी तिथं नाहीत! लेणी पुढं घाट उतरून, फर्दापूरच्या अलीकडं, टी पॉईंटवर. तिकीट काढतानाच "लेणीच्या फाट्यावर उतरवा" म्हणून सांगून ठेवा. फाट्यापासून पुढं स्वतःची गाडी सोडत नाहीत, ४ किलोमीटर शटल बस आहे, सुट्टीच्या दिवशी तिला लाईन असणारच हे धरून चाला. गुडघेदुखीवाले सोबत असतील तर डोली मिळते, भाव आधी ठरवा. आणि मे म्हणजे लग्नसराई, त्यात बायकांना अर्धं तिकीट (चांगलीच गोष्ट आहे ती), त्यामुळं ऐनवेळी स्टँडवर जाऊन खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे दिवस गेले, रिझर्वेशन करा.

शहरात रिक्षात बसून नुसतं "लेणीला चला" म्हणू नका. रिक्षावाला विचारणारच, "कोणती लेणी काका, वेरूळ का विद्यापीठामागची?" पौर्णिमेला जायचं ते विद्यापीठामागच्या डोंगरात, मकबऱ्याच्या पलीकडं. सरकारी बोर्डावर औरंगाबाद लेणी असेल, लोक बुद्ध लेणीच म्हणतात. पायथ्याला विहार आहे, वंदना होते, पांढऱ्या कपड्यातली माणसं, आणि कुणीतरी हातात खिरीचा द्रोण देतंच. पोट भरलंय म्हणून परत करू नका, दोन घास तरी खा. बुद्धांना ज्ञान मिळण्याआधी सुजातानं खीर दिली होती, तिची आठवण म्हणून वाटतात ती. नान खलिया, म्हणजे इथलं मटण-नान, दुसऱ्या दिवशी खाल्ला तरी चालतोय.

इथं लोक काय करतात, पायऱ्या चढतात, पहिल्या लेण्यापाशी सेल्फी, आणि खाली. मी म्हणतो एवढं चढलाच आहात तर ३ नंबरमध्ये गाभाऱ्यापर्यंत जा. मोठी बुद्धमूर्ती आहे आणि तिच्यासमोर दोन बाजूंना गुडघे टेकून, हात जोडून बसलेले बाया-माणसं, जवळजवळ खऱ्या मापाची, एकेकीचा अंबाडा वेगळा, गळ्यातलं वेगळं. पौर्णिमेला त्यांच्या मागंच खरी माणसं हात जोडून उभी असतात, मग कोण दगडाचं नि कोण आपल्यातलं हे अंधारात दोन मिनिटं कळत नाही. दुसरा गट, म्हणजे ६ ते ९, तिकडं बाजूला आहे, चालावं लागतं म्हणून निम्मे लोक टाळतात आणि ७ नंबर राहून जातं. त्यात अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आठ भयांतून माणसांना सोडवतोय, आग, हत्ती, साप, बुडणारं जहाज, एकेक चौकट लेकरांना ओळखायला लावा, मोबाईल विसरतात. आत गाभाऱ्याच्या भिंतीवर नाचणारी बाई आणि भोवती वाजवणाऱ्या बायका, ते पण बघाच.

वेळ मात्र सकाळी लवकर किंवा चारनंतर. काळा दगड दुपारी असा तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही, जाड मोजे ठेवा सोबत. पाणी खालूनच भरून घ्या. कुणाला गरगरायला लागलं, घाम येणं थांबलं, बोलणं असंबद्ध झालं तर "थोडं बसू दे, बरं वाटंल" करत बसू नका, सावलीत घ्या, अंग ओलं करा आणि दवाखाना गाठा.

मेणबत्ती-अगरबत्ती विहारात लावा, लेण्यात नको. काजळी दगडाला धरते. अजिंठ्याला तर फ्लॅशही नको, ते रंग माती-भुश्शाच्या गिलाव्यावर आहेत. निजामाच्या काळात, १९२० च्या आसपास, इटलीहून माणसं आणून चित्रांवर शेलॅकचं (लाखेचं) व्हार्निश दिलं, वाचवायलाच दिलं होतं, पण पुढं तेच पिवळं पडलं. चांगल्या मनानं केलेलं पण नडतं ते असं.

वेरूळला गेटसमोरच कैलास मंदिर, ते बघून लोक दमतात आणि घरी. बौद्ध लेणी १ ते १२, कैलासाकडं तोंड केलं की उजव्या हाताला. निदान १० आणि १२ तरी करा. १० नंबरचं छत लाकडी वाशांसारखं कोरलंय आणि आवाज घुमतो, तिथं शिट्ट्या मारणारे पण भेटतात, त्यांना गप करा. १२ ला तिसऱ्या मजल्यापर्यंत चढा, सात-सात बुद्ध ओळीनं बसलेत. लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, उजेड दुपारनंतरच आत शिरतो, त्यामुळं फोटोवाल्यांनी सकाळची घाई करू नये.

आणि परतीची गाडी रात्रीची असेल तर हातात वेळ ठेवून निघा. संध्याकाळी मिरवणुका असतात, भडकल गेटकडं रिक्षा अडकली की अडकली, मग सामान डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत पायी.