एकट्याने सराव करताना रॅक लावताय? या चुका टाळा

एकट्याने पूल खेळताना रॅक, म्हणजे सुरुवातीची बॉलची मांडणी, कसाही लावायची मुभा असते. नाईन-बॉलमध्ये (नऊ बॉलचा पूल, नेहमी टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याला आधी मारायचं) १ सगळ्यात पुढे आणि ९ मध्यभागी, एवढं सोडलं तर बाकीचे बॉल कुठेही. स्पर्धेत हे ‘कुठेही’ मुद्दाम ठरवून लावणं नियमात बसत नाही, पण सरावात अडवणारं कोणी नाही. सोपं टेबल मिळावं म्हणून आकडे जुळवायला माझी काहीच हरकत नाही. डोकं फिरतं ते लोक ज्या पद्धतीने जुळवतात ती पाहून.

आकडे जुळवले, फट राहिली

दोन मिनिटं खर्चून २ इथे, ३ तिथे करायचं आणि बॉल जुळवायची चौकट, म्हणजे त्रिकोण, मात्र खसकन उचलायचा. घट्ट रॅकमध्ये ब्रेकचा, म्हणजे रॅक फोडणाऱ्या पहिल्या फटक्याचा, धक्का बॉलमधून बॉलमध्ये थेट पोचतो. मध्ये केसाएवढी फट असली तरी तो भलतीकडे फुटतो. मग मागची रांग जेमतेम हलते आणि तुमचा लाडका ३ कुठे ठेवला होता, याला काही अर्थ उरत नाही.

मी यात तीन आठवडे घालवले आहेत. रोज ब्रेकनंतर मागचे तीन-चार बॉल एकमेकांना चिकटून बसलेले. आधी क्यूला (काठीला) दोष दिला, मग खांद्याला. मग आणखी जोरात मारायला लागलो, तर पांढरा (ज्याने बाकीचे मारायचे तो बॉल) दोनदा टेबलाबाहेर. एकदा खाली पडलेला चॉक उचलायला वाकलो आणि डोळे टेबलाच्या पातळीत आले, तेव्हा दिसलं. १ आणि त्याच्या मागचा उजवीकडचा बॉल, यांच्यामधून पलीकडचा उजेड येत होता. त्रिकोणात असताना फट नव्हती. त्रिकोण उचलला की १ गुपचूप अर्धा मिलीमीटर पुढे घरंगळायचा. टेबलावर रॅक लावायची खूण असते, त्या ठिपक्याशी कापडात खळगी पडली होती आणि बॉल त्यात जाऊन बसत होता. ती खळगी पाडणाऱ्यांत मीही होतो. बॉल बसेना की वरून दुसऱ्या बॉलने ठोकायचं, ही माझीच सवय.

तेव्हा ठोकू नका. मागच्या बॉलवर दोन्ही हातांची बोटं टेकवून सगळा रॅक पुढे दाबा, बोटं सरळ मागे घ्या, त्रिकोण बॉलना न लागता वर उचला. मग वाका आणि बघा. दर वेळी. बॉल जागच्या जागी बसवणारा पातळ प्लास्टिकचा टेम्प्लेट मिळाला तर उत्तम, मी तोच वापरतो. नाहीच जमलं तर सगळा रॅक बोटभर पुढे सरकवून लावा. आकडे ठरवून लावणाऱ्या माणसाला ठिपका चुकल्याची टोचणी का लागावी, मला कळत नाही.

दुसऱ्याचा रॅक उचलणं

कुठेतरी पाहिलेलं असतं की २ मागच्या टोकाला लावा, तो वर येतो. येतोही. मागचा बॉल बहुतेक वेळा मागच्या कुशनला लागून ब्रेकच्या बाजूला परततो. पण किती परततो, ते तुमचा जोर, तुमचा कोन आणि तुमच्या टेबलावरचं कापड ठरवतं. नऊ फुटी टेबलावर खेळायची लांबी १०० इंच असते. १ आणि २ एकाच अर्ध्यात आले आणि बाकीचे दुसऱ्या अर्ध्यात, तर पांढऱ्याला ती लांबी एकदाच कापावी लागते. सगळा डाव एवढ्यासाठी आहे.

म्हणून वही घ्या आणि वीस ब्रेक नुसते मारा, पुढे खेळूच नका. फक्त तीन बॉल बघायचे: मागच्या टोकाचा आणि सर्वांत रुंद रांगेतले दोन कडेचे. कडेचे कोपऱ्यातल्या पॉकेटकडे धावतात. एक मात्र सांभाळा. ठिपक्यावर १ ठेवता की ९, हे आधी ठरवा. ९ ठेवलात तर सगळा रॅक जवळपास १० सेंटिमीटर पुढे येतो, कडेच्या बॉलची वाट बदलते आणि वहीतली नोंद रद्दीत जाते. वीस ब्रेकचा कंटाळा येतो? मग रॅक कसाही लावा, फरक पडणार नाही.

हाताने सोडवलेले गुच्छे

एका नवशिक्याने मला अभिमानाने सांगितलं, आज पाच रॅक साफ केले. बाजूला बसून पाहिलं. ब्रेक आवडला नाही की पुन्हा रॅक, आणि आवडला तरी चिकटलेले दोन बॉल हळूच बोटाने वेगळे. मी डोळे मिटून रॅक लावून दिला. गडी चौथ्या बॉलला अडकला आणि टेबलाला वाकडं म्हणाला. माझा रिवाज असा: दोन रॅक ठरवून, तिसरा न बघता. ब्रेक एकच. जे पडलं ते खेळायचं.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या.

जीव खाऊन ब्रेक मारणं. पांढरा टेबलाच्या मध्यावर थांबेल एवढाच जोर पुरे.

मळके बॉल. पुसा.

पहिल्याच दिवशी नऊच्या नऊ. तीन बॉलचा छोटा त्रिकोण लावा, ब्रेकनंतर पांढरा हवा तिथे ठेवा, चुकलात तर तो डाव भुताचा, म्हणजे कधीच न चुकणाऱ्या काल्पनिक प्रतिस्पर्ध्याचा. तीनवर भूत हरायला लागलं की चार. घाई झालेल्यांना हे बालिश वाटतं, आणि ते तीनवरही हरतात.

एकट्याने एट-बॉलला पंधराही बॉल. आपले सात, काळा आणि अडथळ्याला समोरच्याचे दोन-तीन, बस.

आणि कोणी म्हणालं की ठरवून लावणं म्हणजे फसवणूक, तर त्याला स्ट्रेट पूल हा पूलचा प्रकार दाखवा. तिथे चौदा बॉल पुन्हा रॅक होतात आणि पंधरावा, म्हणजे ब्रेक बॉल, खेळाडू स्वतःच सोयीच्या जागी उरवतो. अमेरिकन खेळाडू विली मॉस्कोनीने १९५४ मध्ये असेच सलग ५२६ बॉल घातले. त्याचा सराव करताना ब्रेक बॉलची जागा दर वेळी अंदाजाने ठेवू नका, फाइलच्या कागदाच्या भोकांना लावतात ती गोल चिकट रिंग कापडावर लावा. सराव संपला की ती काढायचीही असते. हळू जाणारा बॉल तिच्यावरून गेला की चक्क वळतो, आणि मी एक आख्खी संध्याकाळ पुन्हा क्यूलाच दोष देत बसलो होतो.